चुकीच्या नटाला बसायला जागाच नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ब्रॅकेटवर एम ८ आणि एम १० (८ आणि १० मिमीच्या बोल्टाचे) असे दोन वेल्ड नट, म्हणजे पत्र्याला वेल्ड करायचे नट, लागतात, शेजारच्या मशीनवरच्या ब्रॅकेटला एम १० चाच पण बारीक पिचचा (आट्यांमधलं अंतर कमी असलेला) नट लागतो. नट हाताने ठेवून प्रोजेक्शन वेल्डिंग होते, म्हणजे नटाखालच्या छोट्या उंचवट्यांतून (प्रोजेक्शन) करंट सोडून ते वितळवतात आणि नट पत्र्याला जोडतात. नटांची अदलाबदल होते, कधी नट उलटा बसतो, कधी लावायचाच राहतो. ऑपरेटरना दोनदा ट्रेनिंग झाले, शंभर टक्के तपासणी लावली, तरी ग्राहकाकडून तक्रार येतेच. तर नटाच्या डिझाइनमध्येच काही करता येईल का?

येईल. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती, ट्रेनिंग नंतर. एकच हालचाल शिफ्टमध्ये हजार वेळा करणाऱ्या माणसाला "लक्ष देऊन काम कर" सांगणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात टाकणं आहे. आणि शंभर टक्के तपासणीचं म्हणाल, तर एम १० × १.५ आणि एम १० × १.२५ (दुसरा आकडा पिचचा, मिमीमध्ये) हे दोन नट एकाच हातात घेऊन मलाही नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही कुठला कुठला. तपासणाऱ्याला ते दिवसभर जमेल ही अपेक्षाच चुकीची.

पोका-योकेचं, म्हणजे चूक होऊच न देणाऱ्या किंवा लगेच दाखवणाऱ्या सोयीचं, ते जुनं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं: १९६१ मध्ये शिगेओ शिंगो यांनी एका स्विचच्या जुळणीत दोन स्प्रिंगा आधी छोट्या ताटलीत काढून ठेवायला लावल्या. जुळणी झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर ती बसवायची राहिली हे लगेच कळायचं. सोपं आणि सुंदर. पण एक गोष्ट बघा, ताटली चूक *दाखवते*, *अडवत* नाही. वेल्ड नटात आपल्याला शक्य तिथे अडवणारं हवं, कारण एकदा करंट गेला की चूक सुटी करता येत नाही. छिन्नी लावून नट काढला तरी पत्रा खराब होतो आणि ब्रॅकेट भंगारात जातो.

सगळ्यात आधी ड्रॉइंग उघडा आणि बारीक पिचचा तो नट का आहे हे विचारा. मी हा प्रश्न जितक्या वेळा विचारला, त्यातल्या बऱ्याच वेळा उत्तर आलं की "आधीच्या मॉडेलला होता म्हणून". बारीक पिचने ताकद वाढते हे खरं, पण किती? एम १० × १.५ चं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८.० चौरस मिमी, एम १० × १.२५ चं ६१.२. म्हणजे पाच-साडेपाच टक्के. एवढ्यासाठी दोन सारखे दिसणारे नट एका शेडमध्ये नांदवायचे का, हे जॉइंट डिझाइन करणाऱ्याने ठरवावं. टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) बदलतो, बोल्ट बदलतो, त्यामुळे तुम्ही परस्पर बदलू नका. पण प्रश्न लेखी विचारा. एक नट कमी झाला की त्याच्याबरोबर येणाऱ्या निम्म्या चुका कायमच्या जातात, आणि त्याला ना सेन्सर लागतो ना चेकशीट.

समजा नाही बदलता आला. मग नटाकडे वळू.

इथे माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: कुठलाही यांत्रिक अडथळा एकाच दिशेने अडवतो. मोठी वस्तू लहान भोकात जात नाही, पण लहान वस्तू मोठ्या भोकात आरामात जाते. त्यामुळे "याच्या जागी तो बसणार नाही" हे सिद्ध केल्यावर लगेच उलटा प्रश्न विचारायचा: त्याच्या जागी हा बसेल का? पोका-योके केलंय म्हणून फलक लावलेल्या निम्म्या ठिकाणी हा उलटा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

तुमच्या एम ८ आणि एम १० च्या जोडीत नशिबाने दोन अडथळे आयते मिळतात आणि ते विरुद्ध दिशांनी काम करतात. षटकोनी वेल्ड नट, म्हणजे डीआयएन ९२९ या जर्मन मानकाचा, घेतला तर त्याला खाली तीन प्रोजेक्शन आणि मध्ये कॉलर असते. कॉलर पत्र्याच्या भोकात बसून नट मध्यभागी धरते. एम ८ ला ती साधारण १०.५ मिमी, एम १० ला १२.५ मिमी. आता एम ८ च्या जागी एम १० चा नट ठेवला, तर त्याची कॉलर भोकात शिरत नाही, नट पत्र्यावर अधांतरी उभा राहतो, डोळ्यालाही दिसतो. ही झाली एक दिशा. दुसरी दिशा खालच्या इलेक्ट्रोडमधून (करंट देणाऱ्या, दाबणाऱ्या भागातून) वर येणारी, नट मध्यभागी धरणारी पिन सांभाळते. एम १० च्या स्टेशनवर पिन आठ मिमीच्या आसपास ठेवली, तर एम ८ चा नट, ज्याचं आतलं भोक सात मिमीपेक्षाही कमी असतं, तिच्यावर बसणारच नाही. कॉलर मोठ्याला अडवते, पिन लहानाला.

पण हे आयतं मिळतं म्हणून लोक ते सहज घालवतात. एका प्रेसशॉपमध्ये मी बघितलं, पंचचा खर्च वाचवायला ब्रॅकेटची दोन्ही भोकं १२.५ ची करून टाकली होती. कॉस्टिंगच्या कागदावर बचत दिसत होती. प्रत्यक्षात एम ८ च्या भोकात आता दोन्ही नट शिरत होते, शिवाय एम ८ ची कॉलर त्या मोठ्या भोकात खुळखुळत असल्याने नट मध्यभागी धरायचं सगळं काम एकट्या पिनवर आलं. भोकाचा व्यास हाही पोका-योकेचा भाग आहे, हे ड्रॉइंगवर टीप म्हणून लिहिलेलं असतं तर कोणी ते केलं नसतं. तुम्ही लिहा.

खरी डोकेदुखी एम १० च्या दोन पिचची. इथे पिन हात टेकते. जाड पिचच्या नटाचं आतलं भोक ६एच टॉलरन्समध्ये (मापातल्या ठरलेल्या सवलतीत) ८.३७६ ते ८.६७६ मिमी, बारीक पिचचं ८.६४७ ते ८.९१२. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. म्हणजे कुठल्याही व्यासाची पिन घ्या, दोघांना खात्रीने वेगळं करता येणार नाही. उंची सारखी, षटकोन सारखा, कॉलर सारखी. ही जुळी भावंडं आहेत आणि त्यांना वेगळे कपडे घालण्याशिवाय गत्यंतर नाही.

कपडे म्हणजे काय? नट पुरवणाऱ्याला सांगून बारीक पिचच्या नटाची कॉलर मोठी करून घेता येते आणि त्या ब्रॅकेटचं भोकही तेवढंच मोठं. मग बारीक पिचचा नट जाड पिचच्या जागी बसत नाही. आता उलटा प्रश्न विचारा. जाड पिचचा नट त्या मोठ्या भोकात? बसतो. अर्धंच काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी नटाची उंची बदलून घेतो, बारीक पिचचा नट दीड-दोन मिमी उंच. वेल्डिंग हेडवर उंची मोजायची सोय असेल, तर एवढा फरक तिला आरामात कळतो आणि तो दोन्ही दिशांना कळतो. अर्थात हा खास नट झाला, त्याचं टूलिंग, किमान ऑर्डर, वेगळा साठा हे सगळं येतं. म्हणूनच आधी ड्रॉइंगवर भांडा म्हटलं.

फरक किती ठेवायचा यावरही एक शब्द. अर्ध्या मिमीचा फरक हा फरकच नव्हे. माणसाच्या हाताला अर्धा मिमी "जरा घट्ट आहे" असा लागतो, आणि घट्ट आहे म्हटल्यावर हात दाबतो, नाहीतर हातोडी येते. एकतर दोन भाग अगदी एक असावेत, नाहीतर अगदी वेगळे. मधली जागा सगळ्यात धोक्याची.

ही मधली जागा पुढे जुळणीच्या लाइनवर कशी रंग दाखवते ते सांगतो, कारण काही जणांना वाटतं की चुकीचा नट गेला तरी बोल्ट लावताना कळेलच. एम १० × १.२५ चा बोल्ट १.५ च्या नटात एक-दोन आटे जातो, मग अडतो. हाताने लावणारा थांबेल. पण पॉवर टूलला थांबणं माहीत नाही. ते आटे चिरडत पुढे ढकलतं, त्या घर्षणातच ठरलेला टॉर्क येतो आणि हिरवा दिवा लागतो. बोल्टाचं डोकं पत्र्याला टेकलेलंही नसतं आणि रेकॉर्डमध्ये जॉइंट पास. टॉर्कबरोबर फिरण्याचा कोनही बघणारं टूल असेल तरच हे पकडलं जातं. सीटबेल्टच्या अँकरला सर्रास येणारा ७/१६-२० यूएनएफ हा इंची मापाचा बारीक धागा (आटा) तर आणखी लबाड: त्याची पिच १.२७ मिमी, म्हणजे एम १० च्या बारीक पिचच्या बोल्टाला जवळजवळ जुळते. तो बोल्ट आत सरळ जातो आणि पकड नावालाच असते. असे दोन नट एकाच शेडमध्ये असतील तर मी ते शेजारच्या टेबलांवरही ठेवू देत नाही.

आता उलटा नट. हा विषय सोपा वाटतो, पण मला त्याने एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं, म्हणून जरा सविस्तर.

कॉलर नसलेला चौकोनी नट, डीआयएन ९२८ चा, उलटा ठेवला तर वेल्डिंगच्या आधी त्याची उंची सुलट्याइतकीच येते. प्रोजेक्शन खाली असली काय आणि वर असली काय, बेरीज तीच. करंट जातो, पण खाली सपाट पाठ पत्र्याला टेकलेली असल्याने तो पसरतो, नीट वितळत काहीच नाही. वरच्या बाजूला प्रोजेक्शन तांब्याच्या इलेक्ट्रोडवर भाजतात. नट पत्र्याला चिकटल्यासारखा होतो, हाताने हलत नाही, आणि पुढे बोल्ट आवळताना सुटून पेटीसारख्या बंद सेक्शनच्या आत पडतो. मग तो आत खडखडत राहतो आणि बाहेर काढायला जागा नसते.

म्हणून हाताने नट ठेवायचे असतील तर मी कॉलरवाला किंवा फ्लँजवाला नट मागतो. कॉलरवाला उलटा ठेवला तर कॉलर वर येते, उंची वाढते, उंचीच्या सेन्सरला कळतं. कागदावर हे पक्कं आहे. आमच्याकडे तरीही उलटे नट पास होऊन पुढे जात होते. दोन दिवस सेन्सरच्या नावाने खडे फोडले, केबल बदलली, सेटिंग तीनदा केलं. तिसऱ्या दिवशी सेटरने वरचा इलेक्ट्रोड काढून माझ्या हातात दिला. पिनचं टोक वर जायला त्यात मध्ये भोक असतं, ते बोटाने चाचपून बघितलं तर कॉलरपेक्षा मोठं. एम ८ चा इलेक्ट्रोड संपला होता म्हणून कोणीतरी एम १० चा लावला होता. उलट्या नटाची कॉलर त्या भोकात अलगद जाऊन बसत होती आणि उंची येत होती अगदी सुलट्या नटाइतकी. सेन्सर खरं तेच सांगत होता.

तेव्हापासून इलेक्ट्रोडच्या ड्रॉइंगवर आम्ही एक ओळ टाकतो: मधल्या भोकाचा व्यास त्या नटाच्या कॉलरपेक्षा कमी आणि पिनपेक्षा जास्त. शिवाय एम ८ आणि एम १० चे इलेक्ट्रोड एकमेकांच्या होल्डरमध्ये बसणार नाहीत असे टेपर वेगळे ठेवले. इलेक्ट्रोडही अदलाबदल होतो, त्यालाही तोच नियम.

उंची मोजणीबद्दल दोन गोष्टी, कारण सेन्सर विकणारा त्या सांगेलच असं नाही. एक, दोनदा मोजा. इलेक्ट्रोड नटाला टेकल्यावर, करंट सोडण्याआधी, एकदा. आणि वेल्ड झाल्यावर पुन्हा. पहिल्या मापात नट नाही, वेगळ्या उंचीचा नट, दोन पत्रे एकदम, कॉलर वर, असं सगळं कळतं आणि तिथेच मशीन थांबतं, पत्रा वाचतो. दुसऱ्या मापातून प्रोजेक्शन किती खाली बसली ते कळतं. बसलीच नाहीत तर नट उलटा आहे, करंट कमी पडलाय किंवा पत्र्यावर काहीतरी आहे. दोन, इलेक्ट्रोड घासला की शून्य बदलतं. टिप ड्रेसिंग (इलेक्ट्रोडचं टोक साफ करणं) केल्यावर मास्टर पीसवर, म्हणजे खात्रीच्या नमुन्यावर, शून्य घेतलं नाही, तर एकतर चांगले नट नाकारले जातात, नाहीतर कोणीतरी वैतागून खिडकी, म्हणजे चालणाऱ्या उंचीची मर्यादा, इतकी रुंद करतो की तिच्यातून हत्ती जाईल. रुंद केलेली खिडकी मला प्रत्येक ऑडिटमध्ये सापडते.

आणि शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम चुकीचे पीस चालवून बघा: नट नसलेला, उलटा, दुसऱ्या मापाचा. मशीनने तिन्ही नाकारले पाहिजेत. हे पीस लाल रंगवून, नंबर टाकून, कुलपात ठेवायचे, नाहीतर एक दिवस तेच ग्राहकाकडे जातात.

पिनची गोष्ट राहिली. पिन इन्सुलेटेड हवी, म्हणजे सिरॅमिकची किंवा ऑक्साइडचा थर असलेली. साधी स्टीलची पिन टाकली तर करंट प्रोजेक्शन सोडून पिनमधून पळतो आणि वेल्ड कच्चा राहतो. पण पिनचा मोठा शत्रू झीज नसून ग्राइंडर आहे. एका रात्रपाळीत नटाचा एक लॉट घट्ट आला, पिनवर बसेना. प्रॉडक्शन थांबवायचं नाही म्हणून फिटरने पिन काढली, ग्राइंडरवर अर्धा-पाऊण मिमी बारीक केली आणि परत लावली. पहिल्या रात्री काम झालं. पुढचे तीन आठवडे नट एका बाजूला सरकून वेल्ड होत होते आणि लाइनवर बोल्ट तिरके जात होते. त्या फिटरला मी काहीच बोललो नाही. रात्री दोन वाजता घट्ट लॉट आला तर कोणाला फोन करायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. आता पिनसाठी मशीनशेजारी एक गो/नो-गो रिंग (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं गेज) टांगलेली असते आणि पिन बदलली की तिने तपासून मगच पहिला पीस काढतात.

नट लावायचाच राहणं हे वरच्या उंचीच्या मापात पकडलं जातं, त्यावर जास्त बोलत नाही. फक्त एका ब्रॅकेटवर दोन नट असतील तर मशीनने दोन चांगले वेल्ड मोजल्याशिवाय क्लॅम्प सुटता कामा नये. एकाच नटावर दोनदा वेल्ड मारून मोजणी पूर्ण करता येते, म्हणून नुसती मोजणी पुरत नाही, तिला उंचीची जोड हवी.

नट पत्र्याच्या चुकीच्या बाजूला लागणं ही नटाची चूक नाही, ब्रॅकेटची आहे. ब्रॅकेट उलटा ठेवता येतो तोपर्यंत नट उलट्या बाजूला लागणारच. लोकेटरचं एक भोक मध्यरेषेपासून चांगलं बाजूला सरकवा, किंवा एक कान कापा. डावा आणि उजवा ब्रॅकेट आरशातल्या प्रतिमेसारखे असतील तर हे दुप्पट लागू. चार-पाच मिमी सरकवा, डोळ्याला दिसलं पाहिजे. एक मिमीवर भागवू नका.

वेल्ड स्टडचं तत्त्व हेच, फक्त तिथे गोंधळ लांबीचा असतो. एम ६ × २० आणि एम ६ × २५ एकाच गनजवळ ठेवले की मिसळतातच. बहुतेक ठिकाणी लांब स्टडवर दोन्ही कामं होतात, मग आखूड स्टड बंदच करा. पेंटनंतर आट्यात रंग साचण्याचा त्रास असेल तर तो वेगळा विषय आहे. पण लक्षात ठेवा, रंग भरलेल्या नटातही टॉर्क लवकर येतो आणि टूल फसतं, जसं चुकीच्या पिचमध्ये फसतं.

तुमच्या प्रश्नात पत्र्याची जाडी दिलेली नाही आणि ती मला हवी आहे. कॉलर पत्र्याच्या जाडीपेक्षा आखूड असावीच लागते, नाहीतर ती खालच्या इलेक्ट्रोडला टेकते, करंट तिच्यातून जातो आणि प्रोजेक्शन नीट वितळत नाहीत. पत्रा दोन मिमीचा असेल तर वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं चालेल. एक मिमीच्या खाली असेल तर कॉलर इतकी आखूड होते की मोठ्या नटाला अडवायचं तिचं काम ती भरवशाने करत नाही. मग एम ८ च्या स्टेशनवरही उंचीचं माप सक्तीचं करावं लागेल आणि एम १० ची पिन तेवढी यांत्रिक अडवणूक म्हणून उरेल. जाडी कळवा. त्याबरोबर दोन्ही मशीनच्या वरच्या इलेक्ट्रोडच्या मधल्या भोकाचा व्यासही मोजून कळवा. व्हर्नियर लावायला दोन मिनिटं लागतात, आणि उलट्या नटाचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल असं मला वाटतं.